स्टेबल आणि बेटर

आज शाळेच्या व्हरांड्यात फिनाईलने फरशी पुसली होती. वर्गात इंग्रजी शिकवायला जाता जाता तो वास नाकात शिरला आणि मला भिवंडीतला तो दवाखाना आठवला.

मी तेव्हा बारावीत होते. काका आयसीयूत होते आणि काकी दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती, अंगावर अंजूरच्या घरून निघतानाचीच साडी. नर्सने दार उघडून सांगितलं, "पेशंट इज स्टेबल," आणि ती पुन्हा आत गेली. काकीने माझा हात घट्ट धरला.

"काय म्हनली गं ती?"

"काकांना आता बरं हाय म्हणाली."

स्टेबल आणि बेटर मला एकच वाटले होते. काकीचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग मी घरी जाऊन आंघोळ करून येते. तू बस हितं," म्हणत ती रिक्षात बसली. ती परत यायच्या आत काका गेले.

त्याच आठवड्यात मी डिक्शनरी उघडली. बेटर म्हणजे सुधारतंय. स्टेबल म्हणजे होतं तसंच आहे, बिघडलं नाही एवढंच.

बाराव्याच्या दिवशी काकीने विचारलं, "ती नर्स बरं हाय, असंच म्हनली व्हती ना?"

"हो," मी म्हटलं.

पुढे कितीतरी वर्षं काकी त्या नर्सला शिव्या देत राहिली. मी शेजारी बसून ऐकायचे. आता काकीही नाही.