कझिन म्हणजे कोण?

कारकारालीच्या डोंगराजवळच्या त्या गावात इंग्रजी येणारं माणूस एकच, बीबीनूर. औषधाच्या बाटलीपासून ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकापर्यंत सगळं तिच्याकडे यायचं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली ही बाई एका बाबतीत भारी हट्टी. नक्की अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडायची नाही. तोवर लोकांनी खुशाल चहा प्यावा आणि तिच्या नावाने बोटं मोडावीत.

एके दिवशी तिच्या दिराच्या, ओर्मानबेकच्या दारात स्कॉटलंडचा एक तरुण अचानक उगवला. नाव ॲलन. मेंढी कापली गेली, ताटाभोवती माणसं जमली. पाहुणा ओर्मानबेकच्या मुलांकडे बघत छातीवर हात ठेवून इंग्रजीत म्हणाला, "मी तुमचा कझिन."

सगळ्यांनी बीबीनूरकडे पाहिलं.

"अहो वहिनी, बोला की! मटण निवतंय," ओर्मानबेक म्हणाला.

"काय बोलू, कपाळ? काकाचा, मामाचा, आत्याचा, मावशीचा, यांच्यात सगळ्यांना एकच शब्द. कोणाकडून ते कळल्याशिवाय याला कुठल्या मानाच्या जागी बसवायचं?"

ओर्मानबेक तिच्या कानाशी लागला. "भुवया बघा त्याच्या, आमच्या परदेशी गेलेल्या बहिणीच्या, बातिमाच्या. पण तुम्ही नुसतं नातलग म्हणा. भाचा म्हणू नका, हात जोडतो!"

तो एवढा का घाबरला ते बीबीनूरला पक्कं ठाऊक होतं. तिथली रीतच अशी, लेकीच्या पोराने आजोळी येऊन एखादी वस्तू मागितली की नाही म्हणायची सोय नाही. आणि बाहेर ओर्मानबेकचा तांबडा घोडा उभा होता. बाटलीने दूध पाजून वाढवलेला. पाठीवर चहाचा पेला ठेवला तरी थेंब सांडणार नाही अशी त्याची चाल.

तिला दिराची दया आली, पण खोटं जिभेवर येईना. तिने ॲलनला त्याच्या आईचं नाव विचारलं.

"बातिमा," तो म्हणाला. "गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत या अंगणाबद्दल बोलायची."

"भाचाच आहे," बीबीनूर सगळ्यांना म्हणाली. "आपल्या बातिमाचा मुलगा."

एकच गलका झाला. कोणी त्याचे मुके घेतले, कोणी रडलं. मग एक म्हातारी ओरडली, "अरे भाच्या, माग की काय हवं ते!" बीबीनूरने निमूटपणे तेही इंग्रजीत सांगितलं.

ॲलनने खिडकीबाहेर पाहिलं. "तो तांबडा घोडा."

सगळे खो खो हसले. ओर्मानबेकचा चेहरा पडला, पण गडी उठला, ॲलनला घेऊन बाहेर गेला आणि स्वतःच्या हाताने लगाम त्याच्या हातात दिला. "घे बाळा. तुझा." बीबीनूरला मान वर करायचा धीर होईना.

ॲलन घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग हळूच काहीतरी बोलला. या वेळी बीबीनूरने क्षणभरही वेळ लावला नाही.

"म्हणतोय, विमानात हा मावायचा नाही. मामाकडेच राहू दे. दर उन्हाळ्यात मी त्याच्यावर बसायला येईन."

ओर्मानबेकने बाहीने डोळे पुसले. "वहिनी, नीट विचारा हो. येईन म्हणाला, की बघू म्हणाला?"

"येईन म्हणाला, भावजी. कळल्याशिवाय मी कधी बोलते का?"