काचेच्या दाराला पडदा

नवीन घर बांधलं तेव्हा हॉलला सरकतं काचेचं दार लावायचं हा हट्ट आमच्या ह्यांचा. युसूफ वडगावच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं शेत आहे, त्याच्याच कडेला हे घर. हॉलपुढे रुंद ओटा, ओट्यासमोर अंगण आणि अंगणापलीकडे रस्ता. भिंतीच्या जागी ती मोठी काच बसली तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "घर बांधलं का कापडाचं दुकान काढलं?"

काच बाहेरून आरशासारखी होती. दिवसा आतलं काही दिसायचं नाही. मामांकडे माणसांची सारखी ये-जा. कुणाचा बांधाचा वाद, कुणासाठी बाजार समितीत शब्द टाकायचा. ही माणसं ओट्यावर चढली की काचेत बघून टोपी सारखी करायची, मिशीवरून हात फिरवायची, आणि मी आत हातभर अंतरावर भाजी निवडत बसलेली असायची. हसू यायचं. पण दिवस मावळून आत दिवा लागला की सगळं उलटं व्हायचं. बाहेरच्याला आमच्या ताटातलं कालवणसुद्धा दिसायचं आणि आम्हाला काचेत फक्त आमचीच तोंडं. मग मी क्लिपा लावून दोन चादरी टांगायची. पडदे घेऊ, घेऊ म्हणत महिने गेले. माझी शाळेतली नोकरी, ह्यांचं खता-बियाण्याचं दुकान. सवड कुणालाच नव्हती.

अशात ताई आल्या. ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांच्या पाठची. त्यांचं सासर आष्टी तालुक्यात, कड्याच्याही पुढे. दुपारच्या एसटीनं उतरल्या. अंगावर घरातली साडी, पायात बाथरूमच्या चपला, हातात नुसती पर्स. "आले माहेरपनाला," म्हणाल्या. बॅग कुठंय, असं कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. फोन आला की मामा उठून तुरीच्या रानात जायचे आणि तिकडेच फेऱ्या मारत बोलायचे. एकदा परत येऊन हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाव्हने येत्यात न्यायला. निवडनुका तोंडावर हायत. ह्या टायमाला सोयरीक तुटायला नको." ताईंच्या नवऱ्याच्या चुलत्याचं त्या भागात वजन होतं. मामा जिल्हा बँकेच्या निवडणुकीला उभे राहणार होते, त्यात त्यांचा आधार लागणार होता.

ताई दिवसभर काचेच्या आतल्या बाजूला खाली बसून रस्ता बघायच्या. मोटारसायकल आली की मान वर व्हायची. आणि मग एक पांढरी मोठी गाडी दिसायला लागली. संध्याकाळच्या सुमाराला ती आमच्या घरासमोर आली की सावकाश व्हायची, पुढे जायची, थोड्या वेळानं परत उलटी यायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा आत दिवा लागलेला होता आणि चादरी टांगायच्या राहिल्या होत्या. ताई जागच्या जागी फरशीवर आडव्या झाल्या. मी पळत जाऊन दिवा बंद केला.

"पडदे आना," आत्याबाई म्हणाल्या. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. "चांगले जाड आना, दुहेरी. तांबड्या नायतर चॉकलेटी रंगाचे. घरात कोन हाय, कोन न्हाई, लोकाला दिसायला नको. तोंडाला येईल ते बोलत्यात लोकं."

त्यांची काळजी लोकांची होती. ताईंची कसली होती ते तेव्हा मला नीट कळलेलं नव्हतं.

पडदे आणायला ताईंना बरोबर नेलं. घरात बसून त्या वाळत चालल्या होत्या. मी बीडला जाऊ म्हटलं तर एकदम म्हणाल्या, "बीड नको वहिनी. तिकडचे लोक बीडला येत्यात." म्हणून अंबाजोगाईला गेलो. एसटीत त्यांनी खिडकी सोडून आतली जागा घेतली, डोक्यावरून पदर घेतला आणि प्रत्येक थांब्याला चढणारा माणूस बघितला.

दुकान मोठं होतं. दुकानदारानं आधी जाळीचे पडदे दाखवले, मग रिंगांचे, मग गुंडाळून वर जाणारे. गुंडाळणारे मला आवडले, पण तो म्हणाला, "सरकत्या दाराला हे नका घेऊ मॅडम. भायेर जायचं म्हणलं की दरवेळी अख्खा वर करावा लागतो." मग मी आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणे जाड कापड मागितलं. त्यानं आतून काळा थर दिलेलं एक कापड काढलं. "ह्याच्यातनं दुपारचं ऊनबी येत न्हाई. बगा," असं म्हणून त्यानं ते दुकानाच्या एकुलत्या खिडकीवर सर्रकन ओढलं.

एकदम अंधारलं. नमुने टांगलेल्या कोपऱ्यात बल्ब होता, पण आम्ही उभ्या होतो तिथं काहीच दिसेना. शेजारी ताईंचा श्वास मला ऐकू आला, धावून आल्यासारखा. मी हात धरायला गेले तर हात नव्हताच. त्या खुर्चीला अडखळत, दार ढकलत बाहेर गेल्या होत्या.

रस्त्याच्या पलीकडे रसवंती होती. तिथल्या बाकावर त्या बसलेल्या सापडल्या. मी रस मागवला. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, पण तोंडाला लावला नाही.

"काय झालं ताई?"

"तसलाच हाय तिकडं," त्या म्हणाल्या. "तसलाच पडदा."

मग चरकाच्या घरघरीत, मला कान जवळ न्यावा लागेल इतक्या हळू त्या सांगायला लागल्या. त्यांच्या खोलीला एकच खिडकी. तू शेजारच्या घराकडं बघतीस, असा नवऱ्याचा संशय. पहिल्यांदा त्यानं जाड पडदा लावला. मग पडदा हलतोय म्हणून त्याला चारी बाजूंनी खिळे मारले. मग एक दिवस बाहेरून पत्रा ठोकला. घराबाहेर पडताना तो खोलीला कडी घालून जायचा.

"दिवस हाय का रात हाय, कुकरच्या शिट्ट्यांवरनं कळायचं वहिनी," ताई म्हणाल्या. "लाइट गेली की मी दाराच्या फटीला नाक लावून बसायचे."

"मग आलात कशा?"

"सासूनं आंघोळीला दार उघडलं. त्या देवपूजेला बसल्या. मी मागच्या दारानं निघाले ती थेट स्टँडवर."

"आत्याबाईंना सांगितलं नाही?"

"पडद्याचं सांगितलं होतं फोनवर. आई म्हनली, जीव हाय तुझ्यावर म्हनून करतो. मग पत्र्याचं न्हाई सांगितलं."

मी म्हटलं, "ताई, आपण काय घ्यायचं ते तुम्ही सांगा. आत्याबाईंचं मी बघते."

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "मला भायेरचं दिसाया पायजे. पन भायेरच्याला मी दिसाया नको. आन मला वाटंल तवा उघडता आलं पायजे. दुसऱ्यानं न्हाई, मी उघडला तर उघडावा."

आम्ही परत दुकानात गेलो. दुकानदारानं उभ्या पट्ट्यांचा पडदा दाखवला. साखळी ओढली की पट्ट्या जागच्या जागी वळतात, थोड्या तिरक्या केल्या की आतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आतलं दिसत नाही. दोरी ओढली की सगळ्या बाजूला सरकतात. ताईंनी साखळी स्वतः ओढून बघितली. पुन्हा ओढली. दोनदा बाहेर जाऊन खिडकीच्या काचेतून आत बघून आल्या. मग वाळूच्या रंगाचा पसंत केला.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले. "दादांना सांगतो," म्हणाले. पण वडिलांसमोर ह्यांचा आवाज कधी निघालेला मी पाहिला नव्हता, आणि त्या आठवड्यातही निघाला नाही.

रविवारी सकाळी माणूस येऊन पट्ट्या बसवून गेला. आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "हे काय पट्ट्या पट्ट्या? तहसीलीत असत्यात तसल्या! मी काय सांगितलं होतं अन तुमी काय आनलं?"

"हे ताईंना पाहिजे होतं," मी म्हटलं.

"तिला काय कळतंय? उद्या जानार ती!"

ताई भांडी पुसत होत्या. त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गरगरत राहिलं.

त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, पांढरी गाडी रस्त्यावर न थांबता सरळ अंगणात आली. जावई उतरले, त्यांचे चुलते उतरले, आणखी एक वयस्कर पाहुणे उतरले. मामांनी त्यांना ओट्यावर खुर्च्या दिल्या. हेही बाहेर जाऊन बसले. आत्याबाईंनी साखळी ओढून पट्ट्या घट्ट मिटवल्या आणि दार ओढून घेतलं. पण ते पुरतं लागलं नव्हतं. बोटभर फट राहिली होती. आत आम्ही तिघी. चहा मीच बाहेर नेऊन दिला. जावयांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या खांद्यावरून काचेकडे बघितलं. काचेत त्यांना फक्त स्वतःचंच तोंड दिसत होतं.

मी आत येऊन दार पहिल्यासारखं ओढून घेतलं. बाहेरचं बोलणं फटीतून स्वच्छ ऐकू येत होतं.

"संसार म्हनलं की भांड्याला भांडं लागतंच," वयस्कर पाहुणे म्हणाले. "पोरगी रुसली असंल. झालं गेलं सोडून द्या."

चुलते म्हणाले, "आपल्या दोन घरांचं नाव हाय. लोकाला हसायला जागा कावून द्यायची?"

मग मामांचा आवाज आला. "बराबर हाय तुमचं. सकाळी लावून देतो."

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं आता खाली बसतील. पण त्या पुढे आल्या. आत्याबाईंनी साखळी मुठीत धरलेली होती. ताईंनी त्यांची मूठ दोन्ही हातांनी सोडवली. आत्याबाई "अगं, अगं" म्हणत राहिल्या. ताईंनी दोरी ओढली आणि सगळ्या पट्ट्या खडखडत एका बाजूला गेल्या. मग त्यांनी दार सरकवून उघडलं आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"मी जानार न्हाई," त्या म्हणाल्या.

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "आत जा."

"आतच होते दादा. ह्यानं खोलीच्या खिडकीला पत्रा ठोकलाय. भायेरनं कडी घालतो. विचारा त्याला."

वयस्कर पाहुण्यांनी जावयाकडे मान वळवली. "पत्रा कावून ठोकला?"

जावई हसले. "डोकं फिरलंय तिचं. खोलीत ऊन लई यायचं, म्हनून मारला पत्रा. आता ऊनबी आडवायचं न्हाई का मानसानं?"

कुणीतरी हसायच्या बेतात होतं. मामांनीसुद्धा सुटल्यासारखा श्वास सोडला. तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी पुढे गेलं. आत्याबाई. व्याही मंडळींसमोर ओट्यावर पाय न ठेवलेली बाई. डोक्यावरचा पदर दातात धरायच्या, तो त्यांनी सोडला.

"त्या खिडकीत ऊन येत न्हाई," त्या म्हणाल्या. "लेकीला टायफाइड झालता तवा मी ऱ्हायले हाय त्या खोलीत. भर उन्हाळा होता. मागं शेजाऱ्याचं दुमजली घर हाय, दिवसभर सावली असती. धुनं वाळत न्हाई म्हनून मी कापडं गच्चीवर नेत होते. कसलं ऊन आडवलं, जावईबापू?"

जावयाचं हसू गेलं. ते ताडकन उठले आणि दाराकडे आले. ताई हलल्या नाहीत. तेव्हा आमचे हे उठले. मोठ्यानं काही बोलले नाहीत. दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दाजी, बसा खाली, नायतर निघा."

जावयांनी ह्यांच्या छातीवर हात ठेवला, ढकलायला. चुलत्यांनी मागून त्यांचा दंड धरला. "चल," ते म्हणाले. चहा तसाच राहिला. गाडीत बसताना जावई काच खाली करून ओरडले, "बघून घेईन एकेकाला!"

गाडी गेल्यावर ताई उंबऱ्यातच खाली बसल्या. आत्याबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "पत्र्याचं कावून न्हाई सांगितलं गं मला?"

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी अंगणात उभं राहून त्यांनी केजच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला. ह्या खेपेला ते तुरीत गेले नाहीत.

त्यानंतरही कितीतरी दिवस आम्ही घाबरून होतो. गाडी दोन-तीनदा दिसली. ताईंनी पोलिसांत तक्रार दिली, आत्याबाई सोबत गेल्या. सोयरीक तुटली ती तुटलीच आणि निवडणुकीत मामांना त्याचा फटका बसला. लेकीचं बरोबर होतं असं ते आजवर तोंडानं बोललेले नाहीत. ओट्यावर बसणाऱ्यांत कुणी विषय काढला तर मात्र म्हणतात, "ते आमच्या घरातलं हाय, तुमचं सांगा."

ताई आता अंबाजोगाईला एका दवाखान्यात काम करतात, खोली करून राहतात. खटला चालू आहे. तारखेला आत्याबाई हटकून जातात, गुडघे दुखत असले तरी. परवाच्या तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली. संध्याकाळी ताईंचा फोन आला. स्टँडवर दोघींनी गरम भजी खाल्ली म्हणाल्या. मागून आत्याबाई ओरडून सांगत होत्या की भज्यात सोडा लई होता.