सरकता सिग्नल

वायरलेसबाई माणसाचं बोलणं ऐकण्याआधी त्याची पट्टी ऐकायच्या. मान जराशी डावीकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले. हेडमास्तर स्टाफरूमच्या दारात येऊन सूचना देऊन गेले की बाई मला हळूच म्हणायच्या, "आज अर्धा सूर खाली आहेत. घरी वाजलेलं दिसतंय." सूचना काय होती ते मात्र त्यांना पुन्हा सांगावं लागे. दुपारी शिपाई यायचा आणि हेडमास्तरांच्या घरी खरंच सकाळी वाजल्याची बातमी द्यायचा.

मी सिल्वासात आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, सरकारी शाळेत मराठी शिकवायला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच माझा नवरा गेला होता. सासऱ्यांनी ओळखीतून नोकरीचं बघितलं आणि मी एक ट्रंक घेऊन आले. मन बधिर होतं. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं. रडू आलं नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. सायन्स शिकवणाऱ्या बाईंच्या क्वार्टरमध्ये एक खोली रिकामी होती, ती मला मिळाली. बाई माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, राजापूरकडच्या. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, ट्रंक पाहिली आणि एवढंच विचारलं, "तुला शिट्टीच्या आवाजाचा त्रास होतो का गो?" मी नाही म्हटलं. राहायला तेवढं पुरलं.

शिट्टी होती त्यांच्या वायरलेसची. बाईंकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता. मागच्या खोलीत टेबलावर रिसीव्हर, ट्रान्समीटर, मोर्सची खटखट करायची कळ. अंगणात जवळच्या सुरंगी गावातल्या एका पालकाने आणून दिलेले दोन उंच बांबू, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली तार. या तारेने गावात बाईंचा दरारा होता. आमच्या सिल्वासात दारू उघडी, आणि चार पावलांवर गुजरातेत बंद. तेव्हा तारेवरून बाई पोलिसांना गाड्यांचे नंबर कळवतात असा काही लोकांचा पक्का समज होता. नाक्यावरचा एक बारवाला दर उन्हाळ्यात आंब्यांची पेटी पाठवायचा. मी म्हटलं, अहो, त्याला खरं काय ते सांगून टाका. बाई आंबा चोखत म्हणाल्या, "त्याने विचारलंय कुठे?"

शेजारी धुळ्याकडचं एक कुटुंब होतं. नवरा राखोलीच्या कारखान्यात पाळीला जायचा. त्याची तक्रार खरी होती. बाई बोलायला बसल्या की त्याच्या टीव्हीवर चित्र हलायचं. "ओ बाई, तुमना मशीनमुळे आमना टीव्हीमा नुसत्या मुंग्या दिसतस," तो कुंपणावरून सांगायचा. बाईंनी त्याच्याशी तह केला. रविवारी सकाळी मालिका चालू असताना तार मुकी, आणि त्याबदल्यात पावसाळ्यात बांबू कलले तर ते त्याने सरळ करायचे. दोघांनीही तो शेवटपर्यंत पाळला.

बाई जगाशी बोलत असतील असं मला आधी वाटलं होतं. त्या बोलायच्या ते बहुतेक एकाच माणसाशी. राजापूरला त्यांचा मोठा भाऊ होता, दादा. आईवडील लवकर गेल्यावर त्यानेच बाईंना वाढवलं, शिकवलं, परीक्षेला बसवून परवाना मिळवून दिला. बाईंना दुसरं कुणी नव्हतं. शाळा सुटून चहा झाला की त्या मागच्या खोलीत जायच्या. त्यांची एक म्हण होती, "वरचे पट्टे परदेशी गप्पांचे, खालचे आपल्या माणसांचे." वरच्या फ्रिक्वेन्सी साता समुद्रापार जातात, आणि खालच्या तीन-चारशे किलोमीटरवरच्या घरात नीट उतरतात, एवढाच त्याचा अर्थ. बाई खालचा चाळीस मीटरचा पट्टा सोडून कधी कुठे गेल्या नाहीत.

दादाच्या सिग्नलवर स्वतःचा सिग्नल आणून बसवायचा, हे त्यांचं रोजचं पहिलं काम. दोन सिग्नल जवळ आले की त्यांच्यातल्या अंतराची शिट्टी ऐकू येते. बाई डायल सावकाश फिरवायच्या. शिट्टी जाड होत जायची, मग तिचा नुसता घुंकार उरायचा, आणि मग तोही नाही. याला म्हणतात झीरो बीट. "गप्प झालं की समजायचं, पोचलो," बाई म्हणायच्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती शिट्टी जाड होत होत विरून जायची, ते ऐकत मी तिथे बसू लागले. वह्या तपासायला घेऊन बसायचे. त्या खोलीत मला बरं वाटायचं असं म्हणवत नाही. वाईट वाटत नसे.

दादाचा ट्रान्समीटर घरी बनवलेला, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या पेटीतला. तो तापू लागला की त्याची फ्रिक्वेन्सी खाली सरकायची. एकदम नाही, हळूहळू, बोलता बोलता. त्यामुळे बाईंचा उजवा हात सतत डायलवर असायचा, आणि बोलणं चालू असताना बोटं नकळत त्याला केसभर, केसभर मागे नेत असायची. तापलेला तवा न बघता उलथणं फिरवणाऱ्या बायका असतात, तशा. कुणी दादाला चांगला तयार सेट घे म्हटलं की बाईच उत्तर द्यायच्या, "सरकतो म्हणून तर दादा आहे."

एकदा मात्र गंमत झाली. बाईंच्या सेटची दुरुस्ती झाल्यावर दादाला वाटलं, आज बाय चुकीच्या जागी आहे, आपणच तिच्याकडे सरकावं. इकडे बाई त्याच्याकडे सरकत होत्या. तो हलला की ही हलणार, ही हलली की तो. असे भाऊबहीण एकमेकांना शोधत शोधत पट्ट्याच्या टोकापर्यंत गेले आणि कुठल्याशा परदेशी केंद्राच्या बातम्यांत जाऊन पडले. बाई पोट धरून हसल्या. मीही हसले असेन. तेव्हापासून दादाने नियम घालून दिला, की एकाने जागा सोडायची नाही, दुसऱ्याने यायचं. त्याचा सेट सरकणारा, म्हणून यायचं काम कायम बाईंकडे.

पुढे काही वर्षांनी दादाची कुरकुर सुरू झाली. बाय, तू बाजूला आहेस. बाय, तू नीट बसली नाहीस. पट्ट्यावरचे इतर लोकही तेच म्हणू लागले. बाई चिडायच्या. त्यांचं म्हणणं, डबा जुना झालाय, दादाच जास्त सरकतोय. एका संध्याकाळी त्यांनी डायल फिरवला, थांबल्या आणि कळ दाबायला हात पुढे केला. शिट्टी अजून चालू होती. जाड, भुंग्यासारखी, पण चालू.

"बाई, अजून घूं येतंय," मी म्हटलं.

"छे. गेलं."

"येतंय बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान. मग डायल मी सांगेन तसा फिरवला, आणि मी "आता गेलं" म्हटल्यावर त्याच्याकडे बघत राहिल्या. बाईंच्या कानातून जाड सूर आधी गेले होते. गप्प झालं की पोचलो, या हिशेबाने त्या कितीतरी दिवस मधेच कुठेतरी पोचत होत्या. दुसऱ्या कुणाला बहिरेपण दारावरच्या हाकेने कळतं, बाईंना ते असं कळलं. दादाला त्या दिवशी त्यांनी एवढंच कळवलं, की चूक माझी होती.

वापीच्या डॉक्टरांनी कानातली बारकी हाडं घट्ट होत चालल्याचं सांगितलं. मुंबईला एका कानाचं ऑपरेशन झालं, ते साधलं नाही, आणि दुसऱ्याला बाईंनी हात लावू दिला नाही. वर्गात त्या मुलांच्या ओठांवरून भागवू लागल्या. पोरं गुजरातीतून हिंदीत आणि हिंदीतून वारलीत उड्या मारायची, तरी बाई मागे पडत नसत. पण दादा त्यांना दिसत नव्हता, त्यामुळे त्याच्या बाबतीत ओठांचा काही उपयोग नव्हता. स्पीकरवर बोट ठेवून त्यांनी मोर्स वाचून पाहिला. खटखट बोटाला कळायची, सूर कळायचा नाही, आणि सूर कळल्याशिवाय दादावर जाऊन बसायचं कसं? पुढे पुढे त्या चहानंतर मागच्या खोलीत जायच्या, सेट चालू न करता बसायच्या आणि बाहेर यायच्या. पत्रं येत होती, पण आठवड्याने आलेल्या पत्राशी बोलता येत नाही. दादा तुटला तर बाईंचं काय होईल, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा भीतीसारखा आला. भीती वाटली याचंच मला नवल वाटलं होतं.

तोडगा दादानेच काढला. नव्वदीच्या मध्याला तो एसटीने दोन खोकी घेऊन आला. एकात जुना कॉम्प्युटर, दुसऱ्यात त्याने घरी केलेली एक छोटी पेटी, तिच्यावर दोन दिवे. लुकडा, उंच, आवाज घोगरा. येताना चार शब्द बोलला, जाताना चार. पण आठवडाभर राहिला आणि बाईंना टेलिप्रिंटरची पद्धत शिकवली. यात प्रत्येक अक्षर दोन सुरांच्या अदलाबदलीने जातं आणि समोरच्याच्या पडद्यावर उमटतं. ते दोन सूर आपल्याकडे नेमक्या दोन खाचांत पडायला हवेत. पडले की पेटीवरचे दोन्ही दिवे सारख्या तेजाने लुकलुकतात. जरा बाजूला गेले की एक दिवा मंदावतो आणि पडद्यावर कचरा उमटतो. "कानाचं काम आता डोळ्याने कर," दादा त्यांना कागदावर लिहून म्हणाला. "हात तोच आहे."

हात खरंच तोच होता. दादा राजापूरला पोचला, आणि त्या संध्याकाळी दिवे लुकलुकले. बाईंनी डायल केसभर फिरवला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटू लागलं, की बाय, जेवलीस का. बाई तोंडावर पदर धरून वाचत होत्या. पेटी नवी असली तरी मागचा डबा जुनाच होता. दोन वाक्यं झाली की तो खाली सरकायचा, एक दिवा मंदावायचा, आणि बाईंची बोटं त्याला धरून आणायची. उशीर झाला तर अक्षरांच्या जागी आकडे यायचे. बाई तेही वाचायच्या, कारण कुठल्या अक्षराचा कुठला आकडा होतो ते त्यांना पाठ झालं होतं. असं काही वर्षं चाललं. मी तोपर्यंत वेगळी क्वार्टर मिळत असूनही घेतली नव्हती.

एका संध्याकाळी बाईंनी मला खोलीतून हाक मारली. अक्षरं अजून यायची होती, फक्त दिवे लुकलुकत होते, दोन्ही सारखे. बाईंचा हात डायलवर होता. त्या पेटीकडे बघत होत्या. बराच वेळ गेला, दिवे सारखेच राहिले.

"हलत नाहीय," त्या म्हणाल्या. "हा दादा नाही."

मग अक्षरं आली. दादाचा मुलगा होता, त्याने नुकताच परवाना घेतला होता आणि स्वतःचा तयार सेट. शाळेचा फोन लागत नव्हता, आणि लागला तरी आत्या ऐकणार कशी, म्हणून ती रोज जिथे असते तिथे तो आला होता. दुपारी झोपेत दादा गेल्याचं त्याने लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही. बाईंनी ते वाचलं. मग दोन्ही हात कळफलकावर ठेवले आणि टाइप केलं, पाच नऊ नऊ. सगळं स्वच्छ मिळालं, सिग्नल जोरदार आहे, सूर उत्तम आहे, असा त्याचा अर्थ. वायरलेसवर कुणीही आलं की आधी त्याच्या सिग्नलची पावती द्यायची, ही त्यांची रीत. ती देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, की उद्या किती वाजेपर्यंत थांबाल.

बाई राजापूरहून परतल्यावर भाचा रोज वायरलेसवर येऊ लागला. गुणी मुलगा. आपल्या नोकरीचं लिहायचा, आत्याची चौकशी करायचा. बाई बसायच्या, वाचायच्या, उत्तर द्यायच्या. उजवा हात मात्र डायलवरच असायचा, नुसता. मी त्याच खोलीच्या कोपऱ्यातल्या स्टोव्हपाशी उभी राहून ते बघायचे. दहा-पंधरा दिवसांनी एकदा त्यांनी सेट बंद केला आणि पडद्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "पोरगा छान येतो गो कुंदा. पण त्याला धरावं लागत नाही."

त्यानंतर त्या खोलीत फारशा बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी निवृत्ती घेऊन राजापूरला गेल्या. पण माझ्यापुरत्या त्या गेल्या त्या याच वाक्याला. नवरा गेल्यापासून जे आलं नव्हतं ते मला त्या क्षणी आलं. चहा उतू जात होता आणि मी मोठ्याने रडत होते, त्याच खोलीत, त्यांच्यापासून दोन हातांवर. बाईंची पाठ माझ्याकडे होती. त्यांना ऐकू आलं नाही.