वहिनीचा हात आणि बोरिंगचं पाणी

वहिनी आमच्या घरात आली त्याच महिन्यात अंगणात बोरिंग मारली. या दोन गोष्टी मागेपुढे झाल्या असत्या, तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला अजून वाटतं.

त्याआधी आई खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. बोरिंगला कुणी नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत. म्हणून डाळ शिजेनाशी झाली तेव्हा दोष वहिनीकडे गेला.

"सात शिट्ट्या झाल्या तरी दाना दाना येगला. हिचा हातच जड हाय."

साबणाला फेस येईना, तर वहिनी साबण उधळते. हंड्याला आतून पांढरी खपली धरली, तर वहिनीला घासायचा कंटाळा. दादा मध्ये पडायचा नाही, ताट सरकवून उठायचा. वहिनीने सोडा टाकून बघितला, डाळ आदल्या दिवशी भिजवून बघितली. शेवटी एका सकाळी तिने पिशवी भरली.

"मला माहेरी, डोळखांबला सोडा. तिथं माज्याच हातची डाळ शिजते."

"जा की. कोन धरलाय तुला?" आई म्हणाली.

दादाने कसंबसं थांबवलं. पिशवी मात्र भरलेलीच खुंटीला राहिली.

मला उत्तर माहीत होतं, हे लिहायला लाज वाटते. मुरबाडच्या कॉलेजात सर प्रॅक्टिकलला 'हार्ड वॉटर' म्हणाले, तेव्हा आधी मला बर्फच वाटला. मग कळलं, हे तर शाळेतलं दुष्फेन पाणी. फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याला थर बसतो. सगळं आमच्या घरातलं. तरी मी चार दिवस गप्प होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तिथून आणलेलं पहिलं ज्ञान आईच्या बोरिंगवर टाकायचं, याची भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी बोलले. "आई, वहिनीचा हात नाय. पाणी दुष्फेन आहे."

"दुष्ट कुनाला म्हनतेस गो?"

"दुष्ट नाय, दुष्फेन."

"तुज्या बापाने बोरिंग मारली ती दुष्ट, आन् ही कालची आलेली ग्वाड!"

मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत बोरिंगचं. दोन्हींत साबणाचं पाणी सारखंच टाकून हलवलं. विहिरीच्या बाटलीत बुचापर्यंत फेस आला. बोरिंगच्या बाटलीत नासक्या दुधासारखा चोथा तरंगला. आईने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. मग विहिरीवरून कळशी भरून आणली आणि त्या पाण्यात डाळ लावली. तीन शिट्ट्यांत पार गळली.

मला वाटलं, आता आई वहिनीला काहीतरी चांगलं बोलेल. आईने कुकर उतरवला आणि रिकामा हंडा वहिनीपुढे ठेवला.

"उद्यापास्नं डाळीचा पानी विहिरीवरनं आनायचा. सकालीच."

आई बाहेर गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "ताई, तुमाला कुनी सांगितलं होतं शानपन करायला? शिव्या खात होते, पन पानी दारात होतं."

"पण आता तुमचा दोष नाय, हे तरी..."

"दोष नाय, आन् दोन हंडे डोक्यावर. उद्या तुमी येता का बरोबर?"

मी हो म्हणायला हवं होतं. "माझी सातची एसटी असते," एवढंच तोंडातून आलं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी होते. वहिनी पहिली खेप घेऊन चढण चढून वर आली. चुंबळ नीट बसली नव्हती, पाणी मानेवर सांडत होतं. ती माझ्यासमोरून गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.