आईला करमावं म्हणून आणलेला टीव्ही

आमची आई घरात एकटी असते आणि तिला अजिबात करमत नाही, हा शोध मी घरात नसताना लावला.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ते गेल्यावर परळची खोली सोडून आई आणि मी चारकोपला राहायला आलो. मधे चौक, भोवती बैठी घरं. प्रत्येक छपरावर अँटेना. आमच्या छपरावर कावळा.

मी सकाळी साडेसातला टायपिस्टच्या नोकरीवर निघायचो, ते संध्याकाळी सातला परत. पुढचा वेळ आईचाच होता, पण बुधवारी गाण्यांचा कार्यक्रम असायचा, तो समोर परबांकडे. शनिवारचा सिनेमा मागच्या गल्लीतल्या मित्राकडे. रविवारी सकाळची मालिका पुन्हा परबांकडे, तीसुद्धा बिनआंघोळीने, कारण आंघोळ केली की जागा जायची. परबांचे म्हातारे वडील अप्पा रविवारी कधी घरात नसत, म्हणून मी थेट त्यांच्या खुर्चीत बसायचो. अप्पा जातात कुठे, हा प्रश्न मला वर्षभरात एकदाही पडला नाही. (खुर्ची चांगली होती.)

अशात वाचनालयात एका साप्ताहिकात लेख वाचला. एकटं राहून वयस्कर बायकांच्या मनावर परिणाम होतो, आधी त्या स्वतःशीच पुटपुटू लागतात, वगैरे. आई तांदूळ निवडताना पुटपुटायची! (ती देवाचं नाव घ्यायची. तो मुद्दा लेखात नव्हता.)

"आई, तुला दिवसभर कंटाळा येत असेल ना गं?"

"कंटाळो? माका वेळ खय हा?"

लेखात हेही होतं की अशी माणसं कबूल करत नाहीत. माझी खात्री पटली.

पुढच्या शनिवारी मी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो. प्रत्येक खड्ड्याला टीव्ही हनुवटीवर आपटत होता, पण मातृसेवा म्हटली की एवढं चालायचंच.

आईने खोक्याकडे पाहिलं. "ह्यां काय हाडलंस?"

"तुझ्यासाठी. आता एकटं नाही वाटायचं."

"मी एकटी आसंय म्हणान कोणी सांगल्यान तुका?" एवढंच म्हणून ती चहा ठेवायला गेली. मला वाटलं, भरून आलं असणार.

रविवारी मी वर्षात पहिल्यांदा घरी थांबलो. नऊच्या सुमाराला आईने चटया घातल्या आणि माणसं यायला लागली. गव्हाची सुपं घेऊन शेजारच्या दोघी वहिन्या आल्या. गोराईची कोळीण मावशी टोपली ओट्यावर उतरवून आत आली. आणि काठी टेकत साक्षात अप्पा परब आले. बातमी काय झटकन पसरते, म्हणून मी खूश! ही मंडळी दर रविवारी येतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मी टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मी अँटेना घेऊन छपरावर, आणि खालून वहिन्यांच्या सूचना. "जरा डावीकडे भावजी. गेलं. आता होतं ते पण गेलं." अर्ध्या तासाने चित्र आलं, कावळा कायमचा गेला आणि मी विजयी वीरासारखा खाली उतरलो.

घरात सगळे एका ओळीत टीव्हीकडे तोंड करून बसले होते. कुणी बोलत नव्हतं. वहिन्या खड्यांबरोबर गहूही फेकत होत्या. अप्पा मात्र एकदा या बाजूच्या कानाकडे बघत, एकदा त्या बाजूच्या.

"आज सगली मुकी झाली काय गो?" मावशीने विचारलं आणि उत्तर न मिळाल्याने टोपली उचलून चालू लागली.

अप्पांना ऐकू कमी येतं हे मला माहीत होतं. उपाय सोपा होता. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं! समोर परबांचा टीव्ही, इकडे आमचा. मालिकेतला एकच माणूस चौकाच्या दोन्ही बाजूंनी एकदम ओरडू लागला. अप्पा उठले, चपला शोधल्या आणि घरी गेले.

बुधवारी परबांची सून सुलभावहिनी आली. तिचा चेहरा उतरला होता. "काकू, अप्पा चार दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत. ताटावर बसतात आणि उठतात. गिरणी बंद पडली तेव्हा असंच झालं होतं. तुमच्याकडे यायला लागले तेव्हाच बोलायला लागले होते ना."

आईने हातातलं काम खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "चल झिला, माझ्यावांगडा."

परबांकडे गाणी चालली होती. अप्पा भिंतीकडे बघत बसले होते. आई सरळ टीव्हीसमोर उभी राहिली (त्या काळात ही हिंमत लागायची), अप्पांच्या डोळ्यांत बघितलं आणि अजिबात आवाज न काढता नुसते ओठ हलवले: चाय पितास?

अप्पा हसले. "येतंय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "पण तो डबो बंद असात तरच."

परतताना आईने मला समजावलं. अप्पाही बाबांसारखे साचेखात्यातले. शेकडो साचे एकदम धडधडायचे. तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे. बाबांनी ती सवय घरी आणली, तीच आई अप्पांसाठी वापरत होती. "बोलणाऱ्याचा तोंड समोर दिसला तर तेंका सगळा कळता. तुझ्या त्या डब्यासमोर सगळ्यांची तोंडा तिकडे. तेंका नुसते कान दिसले."

मी लेख वाचून आईचं मन सुधारायला निघालो होतो, आणि ती कसलाही लेख न वाचता एका माणसाला पुन्हा माणसांत आणून बसली होती. मला आईचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची तितकीच लाज वाटली.

टीव्ही मुलुंडला, लग्न झालेल्या ताईकडे गेला. पुढच्या रविवारी मी आंघोळ करून, चटईवर अप्पांच्या बरोबर समोर बसलो. मावशी माशांच्या भावावरून वहिन्यांशी भांडत होती, आई मधेच ओठ हलवून अप्पांना त्याचा सारांश देत होती, अप्पा पोट धरून हसत होते. असला कार्यक्रम मी कुठल्याच टीव्हीवर पाहिला नव्हता.

मग अप्पा माझ्याकडे वळले. मला हुरूप आला. मी ऑफिसबद्दल सांगितलं, टाइपरायटरबद्दल सांगितलं, शनिवारच्या सिनेमाची गोष्ट मध्यंतरापर्यंत सांगितली. एकेक शब्द स्पष्ट, ओठ अगदी रुंद करून. अप्पा अर्धा तास डोळे न हलवता माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकं लक्ष देऊन माझं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी ते आईकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "वैनी, झिलाचो साचो झकास चलता. पण कापड काय भायर येणा नाय."