न पेरलेला मका

धुकं पडद्यासारखं हळूहळू वर गेलं आणि विस्कॉन्सिनमधलं ते शेत उघडं झालं. उजव्या अंगाला ओकचं रान, डावीकडे लांबवर चर्चचा पांढरा मनोरा, मधे काढणी झालेल्या सोयाबीनची धसकटं. रानाच्या कडेला मचाण, आणि मचाणावर, मांडीवर बंदूक घेऊन, म्हातारा गिलमन हाउगे.

गिलमनला विचारल्याशिवाय गावात कुणी हरणाच्या शिकारीला बसत नसे. तो रानाकडे बघायचाच नाही, पिकाकडे बघायचा. "सोयाबीन हिरवं आहे तोवर हरणं तिथं. पिवळं पडलं की पाठ फिरवतात. मका उभा असला की आत दडतात, कापला की रानाच्या कोपऱ्यावर येतात. तिथं बस!" एक साल मका, एक साल सोयाबीन, साऱ्या गावाच्या शेतांची फेरपालट त्याला नाटकाच्या संहितेसारखी पाठ. शेजारचा लेस्टर म्हणायचा, "म्हाताऱ्या, हरणं तुला विचारूनच पंगतीला बसतात वाटतं!"

त्या दुपारी हाच लेस्टर गिलमनच्या बायकोच्या, व्हर्नाच्या, स्वयंपाकघरात आला. कॉफीला त्यानं हात लावला नाही.

"वहिनी, गिल मला म्हणाला, मका उभाय, जपून जा. कुठला मका? तिथं यंदा सोयाबीन होतं, मीच काढलं. तो गेल्या सालात बसलाय."

"आणि बंदूक?"

"भरलेली."

व्हर्ना उठली, तसा लेस्टरही तिच्याबरोबर यायला उठला. व्हर्नानं त्याला थांबवलं. "तू नको. दोघं दिसलो तर बिथरेल." लांबून दिसावं म्हणून नारिंगी जाकीट चढवून ती निघाली.

शेताच्या मध्यावर सळसळ सुरू झाली. वाळलेली मक्याची पानं एकमेकांवर घासावीत तशी. वारा नव्हता. ती थांबली, सळसळ थांबली. तिनं पाऊल टाकलं, पुन्हा तीच. खांद्याशी, कानाशी, डोक्याच्याही वर. पायाखाली मात्र नुसती धसकटं. तेवढ्यात समोरून एक हरिणी आली. मोकळ्या शेतात तिनं सरळ धावायचं, पण ती दोन ओळींच्या मधून यावं तशी अंग चोरून आली, व्हर्नाला न बघता शेजारून गेली.

मचाणावरच्या बंदुकीची नळी वळली. सळसळीच्या रोखानं.

त्या नारिंगी जाकिटाचा काय उपयोग? गिलमनच्या लेखी ती उंच मक्यात बुडालेली होती. 'अरे, इथं मका नाही' हे शब्द व्हर्नानं ओठांवरून परत गिळले आणि मक्यात शिरलेलं माणूस ओरडतं तशी ती ओरडली,

"गिल, बार काढू नको! मी आहे, व्हर्ना! मक्यातून येतेय!"

नळी खाली आली.

"मक्यातून? अगं वेडे, बांधानं यायचं! आत्ता चाप ओढला असता मी!"

"चुकलं रे. दे ती बंदूक इकडे."

त्यानं गोळ्या काढल्या, बंदूक खाली दिली. त्या हिवाळ्यात तो गेला. मचाणावरून उतरल्यापासून तोवर त्याच्या तोंडून पुन्हा शब्द निघाला नाही. बंदूक देताना रिकाम्या शेतावरून नजर न काढता तो जे कुजबुजला, तेच शेवटचं:

"हळू गं. अजून सगळी आतच आहेत. मका कापला की मला हाक मार."