खोर फक्कानची बाल्कनी

आता शारजाहून खोर फक्कानला डोंगरातून बोगदे काढलेला सुरेख रस्ता झाला आहे. आम्ही गेलो तेव्हा, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, धैद, मसाफी, दिब्बा असा वळसा घालून जावं लागे. तुमच्याकडे वेळ असेल तर मी म्हणेन, जुन्याच रस्त्याने जा.

आमचं निघण्याचं कारण मात्र फिरणं हे नव्हतं. माझे यजमान अरुण आणि शेजारच्या फिलोमिनाचे टोनी, दोघांची एकदमच खोर फक्कान बंदरावर बदली झाली होती. कंपनीने तिथल्या एका इमारतीत दोन फ्लॅट बघून ठेवले होते, एक समुद्राकडचा आणि एक डोंगराकडचा. कुठला कोणाचा ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणून साहेब मोकळे झाले. नवऱ्यांनी ते आमच्यावर ढकललं आणि तेही मोकळे झाले.

फिलो आणि मी शारजात अल मजाजला कितीतरी वर्षं समोरासमोरच्या दारांत राहत होतो. मी वसईची, ती गोव्याच्या किनाऱ्यावरची. आणि आमच्या खिडक्यांतून दिसायची ती पलीकडच्या टॉवरवर वाळत घातलेली धुणी. दोघींनाही समुद्राकडची बाल्कनी हवी होती आणि दोघीही ते बोलत नव्हतो. आठवडाभर ‘तूच घे गं’, ‘छे, तूच घे’ असं आम्ही इतकं गोड बोललो, की मला भीती वाटायला लागली.

शुक्रवारी सकाळी निघालो. टोनीची ड्यूटी होती, म्हणून गाडीत अरुण, मी, फिलो आणि आमची पंधरा वर्षांची मीरा. धैदच्या पुढे वाळू तांबूस होत जाते आणि एकाएकी डोंगर सुरू होतात, उघडेबोडके आणि जांभळट. मसाफीच्या बाजारात थांबाच. सतरंज्या, मातीची भांडी, फळांचे ढीग. एका केरळी कॅफेटेरियात पराठा, अंडं आणि चहा चौघांना मिळून वीस दिरहम. “म्हणजे अडीचशे रुपये,” अरुण सवयीने म्हणाले, आणि मीराने सवयीने डोळे फिरवले.

दिब्ब्यानंतर उजवीकडे डोंगर, डावीकडे समुद्र. बिदियाला चार बुटक्या घुमटांची जुनी मशीद आहे आणि मागच्या टेकडीवर टेहळणीचे बुरूज. बुरुजावरून समुद्र बघताना मला शाळा आठवली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी एक नाटक बसवलं होतं. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून मी स्पॅनिश कप्तान झाले होते. पुठ्ठ्याची टोपी घालून मी स्टेजवर झेंडा रोवला आणि ‘हा किनारा माझ्या राजाचा’ असं इंग्रजीत म्हटलं. टाळ्या पडल्या होत्या.

“पण इथे स्पॅनिश नाही, आमचे पोर्तुगीज आलेले,” फिलो म्हणाली.

“तुमचे कसे? आणि येऊन काय केलं? खोर फक्कान जाळलं,” अरुण म्हणाले. “मग किल्ला बांधला. पुढे इराणी आले, ओमानी आले, सगळे ह्या एका खाडीसाठी भांडले.”

“स्पेन आणि पोर्तुगालने तर नकाशावर रेघ मारून जग वाटून घेतलं होतं,” मी म्हटलं.

“मग मार की रेघ. समुद्राकडचं पोर्तुगालचं,” फिलो हसत म्हणाली. मीही हसले. तिने ते थट्टेत म्हटलं नव्हतं, हे मला कळलं.

खोर फक्कानची खाडी अर्धचंद्रासारखी आहे. एका टोकाला बंदराच्या क्रेन, दुसरीकडे मच्छीमारांच्या बोटी. कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, दहा दिरहमात फिश बिर्याणी खाऊन आम्ही इमारतीत गेलो. वॉचमनने समुद्राकडचा फ्लॅट उघडून दिला. ताज्या रंगाचा वास, आणि बाल्कनीचं दार सरकवलं की समोर सगळं निळं.

फिलो स्वयंपाकघर बघायला गेली. मी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि बाल्कनीच्या चौकटीला एक बोट लावलं. नव्या घरात पाऊल टाकलं की लावायचं, ही आईची सवय. पण घर अजून आपलं झालेलं नसताना लावायचं नसतं, हे काय मला माहीत नव्हतं? मग मी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर टाइलला टेकवून मेरीमातेची छोटी तसबीर उभी. फिलो तोवर बाल्कनीपाशी पोचली होती.

“सुमन, हें कितें?” ती रागावली की कोकणीत जायची.

“आणि ओट्यावर कोण आलंय?”

“ती सगळ्यांची आई. ती खंयंय येता.”

“कुठेही येते ना? मग तिला डोंगराची हवाही मानवेल.”

“ओ माय गॉड,” मीरा म्हणाली, “यू बोथ प्लँटेड फ्लॅग्ज.”

कोणी हसलं नाही. फिलोने येऊन तसबीर उचलली आणि छातीशी धरली. “टोनीची मम्मी येणार आहे गो, कायमची. गुडघे गेले तिचे. खाली उतरायची नाही ती आता. जन्म दर्यावर गेला, तिला वरूनच दाखवीन म्हटलं.”

“हे आठवडाभर का नाही बोललीस?”

“तू ‘तूच घे’ म्हणत होतीस. कसं बोलणार?”

मला तरी काय हवं होतं? सकाळचा चहा त्या निळ्यासमोर. मी रुमाल ओला केला आणि चौकट पुसायला लागले. तेवढ्यात इमारतीचे मालक आत आले. पांढरी दाढी, पायघोळ पांढरा कंदुरा. माझ्या हातातला रुमाल आणि फिलोच्या हातातली तसबीर त्यांनी पाहिली.

“ये फ्लॅट खलास,” ते त्यांच्या हिंदीत म्हणाले. “मेरा बेटी का शादी है. इधर रहेगा. कंपनी को पहाड़ वाला दो देगा, आमने-सामने.”

फिलो आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि इतक्या हसलो की तिला खाली बसावं लागलं. स्पेन गेलं, पोर्तुगाल गेलं, किनारा ज्याचा होता त्याच्याकडे राहिला.

त्यांनी खाली नेऊन कहवा आणि खजूर दिले. एक सूचना: पुरे झालं की रिकामा कप हलवायचा. अरुणना ते माहीत नव्हतं, पाच कप प्यायले बिचारे. हसण्याचं कारण काय, असं मालकांनी विचारलं, तेव्हा फिलोने सासूबाईंचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मेरा बेटी का आदमी जहाज पे है. दिन में बेटी अकेला बैठेगा. मम्मी को भेजो.”

येताना फुजेराहमार्गे आलो. मीरा झोपली होती, फिलो मागून मला सोललेली संत्री देत होती. अल मजाजला लिफ्टमधून बाहेर पडलो तेव्हा दोघींनी एकदमच म्हटलं, चहा माझ्याकडे.

पुढे आम्ही डोंगराकडे तोंड करून चार वर्षं राहिलो. आज वसईच्या घरी हे लिहिताना डोंगर आठवतात ते संध्याकाळचे, तांब्याच्या रंगाचे. समुद्र आठवतो तो मात्र दुसऱ्याच्या घरातून पाहिलेला. रोज दुपारी फिलो आणि मी मम्मीला दोन्ही बाजूंनी धरून त्या बाल्कनीत नेऊन बसवायचो. मालकांची लेक अरबीत बोलायची, मम्मी कोकणीत, आणि दोघींचं छान चालायचं. मी पुसलेलं कुंकू ताज्या रंगात थोडं उतरलं होतं. तो फिकट गुलाबी ठिपका चौकटीवर तसाच राहिला, मम्मीच्या खुर्चीची पाठ जिथे टेकायची, बरोबर तिथे.